बंद केलेली चावी

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांचा फोन आला तेव्हा म्हणाले, "तू अमेरिकेत तीन महिने राहून आलास, तिथलं काहीतरी सांग." मी म्हटलं, मी तिथे काय पाहिलं विचाराल तर एका घराचं तळघर पाहिलं. ते म्हणाले, "मग तळघराचं सांग." म्हणून आज तळघराचं सांगतो. त्यात माझी एक चूकही आहे. ती इथे सांगावी की नको, यावर घरात दोन दिवस वाद झाला. आमच्या सौ.चं म्हणणं, चारचौघांत कशाला? पण ज्यांच्यासमोर बाकावर उभा राहिलो, अंगठे धरले, त्यांच्यापासून आता काय लपवायचं?

तुमच्यापैकी बहुतेकांना माहीत आहे, मी दहावीनंतर पुढे शिकलो नाही. १९८१ साली इचलकरंजीला एका सायझिंगमध्ये बॉयलरवर मदतनीस म्हणून लागलो. लाकडं फोडायची, राख ओढायची, पाणी बघायचं. पुढे परीक्षा देऊन सेकंड क्लास बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट काढलं आणि चाळीस वर्षं त्याच कामात काढली. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली आणला, हे आपण शाळेत ऐकलं आहे. पण माग चालायचा तर ताण्याच्या सुताला खळ लागते, खळ लावलेलं सूत वाळवावं लागतं, आणि ते वाळवायला वाफ लागते. ती वाफ करणारा माणूस मागच्या शेडमध्ये काळ्या तोंडानं बसलेला असतो. तो मी.

सायझिंगमध्ये ओलं सूत वाफेनं तापलेल्या मोठ्या सिलिंडरांवरून फिरत जातं. वाफ सिलिंडरला उष्णता देते आणि तिचं परत पाणी होतं. ते पाणी वेळच्या वेळी बाहेर निघालं नाही, किंवा आत हवा अडकून राहिली, की तो सिलिंडर गार पडतो. बॉयलर धडधडत असतो, दाब सात-आठ किलो असतो, आणि तरी सूत ओलंच. नवीन फायरमन अशा वेळी भट्टीत आणखी लाकडं टाकतो. जुना माणूस आधी सिलिंडरला हात लावून बघतो, कुठे गरम आहे, कुठे गार आहे. दोष भट्टीत असतो की वाटेत, हे ओळखणं म्हणजे आमचा अर्धा धंदा.

आता व्हरमाँटकडे येतो. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला हे लहानसं राज्य आहे. माझी मुलगी आणि जावई माँटपेलियरच्या जवळ एका खेड्यात जुन्या लाकडी घरात राहतात. नातू झाला म्हणून आम्ही दोघं डिसेंबर २०२२ मध्ये तिकडे गेलो. बाहेर शून्याच्या खाली वीस अंश. घरात मात्र खोलीखोलीत खिडकीखाली ओतीव लोखंडाचे जाडजूड रेडिएटर. तळघरात लाकडाचा बॉयलर. तो पाणी तापवतो, विजेचा पंप ते पाणी नळांतून सगळ्या रेडिएटरांत फिरवतो, आणि गार झालेलं पाणी परत खाली येतं. वाफ नाही, नुसतं गरम पाणी.

मी ते पाहिलं आणि मला आपल्या हातकणंगल्याच्या न्हाणीतला तांब्याचा बंब आठवला. मधे धुराची नळी, तिच्याभोवती पाणी, खाली जाळी आणि शेणकूट-चिपाडं. नरसाळ्यात एक तांब्या गार पाणी ओतायचं, की तेवढंच कढत पाणी तोटीतून बाहेर. दिवाळीआधी चिंच लावून तो घासायचा हे काम बहुतेक घरांत आपल्याच वाट्याला असायचं. मी मुलीला म्हटलं, "हा तर बंबच आहे. फक्त घरभर पसरलेला."

मुलगी म्हणाली, "आप्पा, पसरलाय पण पोचत नाहीय." खरंच, चार खोल्या उबदार आणि तीन गार. बाळाची खोली वरच्या मजल्यावर, तीही गारच. तिथला मेकॅनिक बोलवायचा तर तो दोन आठवड्यांनी येणार आणि तासावर पैसे घेणार. मी म्हटलं, मला दोन दिवस दे. आणि सायझिंगमध्ये करायचो तेच केलं. प्रत्येक रेडिएटरला वरून खालपर्यंत हात लावत गेलो.

बाळाच्या खोलीतला रेडिएटर खाली गरम, वर गार, आणि आतून गुळगुळ आवाज. याचा अर्थ आत हवा. हवा हलकी, ती वर जाऊन बसते आणि पाण्याला जागा देत नाही. रेडिएटरच्या टोकाला एक बारीक स्क्रू असतो. पंप बंद करायचा, खाली फडकं धरायचं आणि तो स्क्रू किंचित सैल करायचा. फुस्स करून हवा जाते, पाण्याची धार आली की घट्ट करायचा. जावई म्हणाले, "हे मी दर आठवड्याला करतो, पुन्हा हवा येते." मग मी तळघरात जाऊन दाबाचा काटा बघितला. गार असताना तो आठ पौंडांवर होता. एक पौंड दाब पाण्याला साधारण सव्वादोन फूट वर चढवतो. म्हणजे आठ पौंडांत अठरा फूट. तळघरापासून वरच्या रेडिएटरचं डोकं बावीस फुटांवर. पाणी तिथवर पोचतच नव्हतं, मग हवा राहणारच. दाब कमी का होता? एका चावीच्या मानेतून थेंब थेंब पाणी जात होतं आणि तिथल्या तिथे वाळत होतं, म्हणून कुणाला दिसलं नाही. तिचा ग्लँड पाव फेरी आवळला, पाणी भरून काटा पंधरावर आणला, पुन्हा हवा काढली. रात्री बाळाच्या खोलीत स्वेटर काढावा लागला.

स्वयंपाकघरातला रेडिएटर याच्या उलट. वर गरम, खाली मधोमध गार. तो गाळ. लोखंडाचा आतला गंज काळा असतो, शाईसारखा, आणि तो तळाला साचतो. दोन्ही बाजूच्या चाव्या बंद केल्या, रेडिएटर सोडवला, जावयांनी आणि मी तो कण्हत-कुंथत न्हाणीघरात नेला आणि धुतला. काळं पाणी निघता निघेना. एक गोष्ट लक्षात ठेवा, अशा बंद पाण्यात सारखं नवीन पाणी घालू नये. नव्या पाण्याबरोबर नवीन प्राणवायू येतो आणि नवीन गंज होतो. जुनं पाणी दिसायला काळं असलं तरी ते लोखंडाला कमी खातं.

तिसरी खोली शेवटच्या टोकाची. तिथला रेडिएटर अख्खा कोमट. त्यात हवा नाही, गाळ नाही. ही भानगड मात्र आपल्या गावच्या शेतकऱ्याला लगेच कळेल. पाटाचं पाणी हेडच्या माणसानं हवं तेवढं घेतलं, तर टेलच्या रानात काय पोचणार? बॉयलरजवळचे रेडिएटर पाणी ओढून घेत होते. त्यांच्या परतीच्या चाव्या थोड्या थोड्या बंद करत गेलो, एकेक करून, प्रत्येक वेळी तासभर थांबून. दुसऱ्या दिवशी टेलला पाणी पोचलं.

लाकडाचंही सांगितलं. त्यांनी ओलसर लाकूड घेतलं होतं. ओल्या लाकडाची बरीच आग स्वतःचं पाणी उडवण्यात जाते आणि धुराड्यात डांबर बसतं, ते पेटलं तर घर जाईल. फोडलेलं लाकूड छपराखाली निदान एक उन्हाळा, शक्यतो दोन, वाळलं पाहिजे. तिकडे लाकूड 'कॉर्ड'मध्ये मोजतात, चार फूट उंच, चार फूट रुंद, आठ फूट लांब अशी रास. जावयांनी पुढच्या वर्षासाठी तेव्हाच रचून ठेवायला सुरुवात केली.

इथपर्यंत माझं सगळं बरोबर होतं. मुलगी फोनवर मैत्रिणींना सांगत होती, "माझ्या आप्पांनी केलं." चाळीस वर्षं मी कामावरून काळा होऊन घरी आलो, तेव्हा तिनं माझं काम कधी बघितलं नव्हतं. आता बघत होती. मला ते आवडलं, हे कबूल करतो. आणि तिथेच मी घसरलो.

तळघरात बॉयलरच्या वरून एक जाड नळी निघत होती. छताला लागून, पत्र्याच्या पात्यांच्या लांब नळीतून ती फिरत होती आणि परत बॉयलरच्या बुडाशी येत होती. तिच्यावर कुठली खोली नव्हती. ती सदा कोमट. मी विचार केला, हे बघ, उष्णता इथे वाया चालली आहे. तळघर कुणासाठी तापवायचं? त्या नळीवर एक चाक असलेली चावी होती. मी ती बंद केली. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. वरच्या खोल्या आणखी जरा गरम झाल्या, मी खूश.

आमच्या सायझिंगमधल्या जुन्या हेड फायरमननी मला पहिल्या दिवशी एक नियम सांगितला होता. जी चावी कशासाठी आहे ते कळत नाही, ती फिरवायची नाही. पुढे हाच नियम मी माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक पोराला सांगितला. एकाला तर तो मोडला म्हणून भर शिफ्टमध्ये बाहेर काढलं होतं.

चार दिवसांनी बर्फाचं वादळ आलं. संध्याकाळी जावयांनी रात्रभराची सोय म्हणून भट्टी लाकडांनी भरली. अर्ध्या तासात लाइट गेली. आम्ही मेणबत्त्या लावल्या, नातू हसत होता, सगळी गंमत. मग जावई सहज म्हणाले, "आप्पा, लाइट नाही म्हणजे पंपही बंद ना?"

ते ऐकलं आणि माझ्या पोटात गोळा आला. गॅसची शेगडी बंद करता येते. लाकडाची भट्टी बंद करता येत नाही. पंप थांबला, पाणी थांबलं, पण लाकूड जळतच होतं. ती सगळी उष्णता बॉयलरमधल्या तेवढ्याच पाण्यात. आणि बॉयलर बनवणाऱ्यानं याच वेळेसाठी एक वाट ठेवली होती. वीज नसली तरी आपोआप पाणी फिरावं, जास्तीची उष्णता जावी, म्हणून ती छताजवळची पात्यांची नळी होती. ती वाट मी बंद केली होती.

बॅटरी घेऊन खाली गेलो. तापमान तिकडे फॅरनहाइटमध्ये. नेहमी एकशेऐंशीवर असणारा काटा दोनशेदहाच्या पुढे गेला होता. दाब अठ्ठावीस पौंड. सेफ्टी व्हॉल्व्ह तीसचा. त्याच्या नळीतून पाणी टपकायला लागलं होतं. सेफ्टी व्हॉल्व्ह होता म्हणून निभावलं असतं, असं तुम्ही म्हणाल. पण तो किती वर्षांत कुणी उचलून तपासला होता, हे मला माहीत नव्हतं. तो अडकला असता तर? दाबाखाली पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही पाणीच राहतं. भांडं फुटलं, दाब एकदम सुटला, की त्यातलं बरंच पाणी क्षणात वाफ होतं, आणि एक लिटर पाण्याची वाफ सोळाशे लिटरांहून जास्त जागा मागते. बॉयलर फुटतो तो असा. आपल्या देशात १९२३ साली बॉयलरचा कायदा झाला, दरवर्षी तपासणी आली, ती उगाच नाही.

मी वर ओरडून सांगितलं, बाळाला घेऊन पलीकडच्या टोकाच्या खोलीत जा, खाली कुणी यायचं नाही. भट्टीचं हवेचं झाकण हातानं पूर्ण बंद केलं. दार उघडलं नाही, उघडलं असतं तर जास्त हवा मिळून आग भडकली असती. आगीवर पाणी टाकलं नाही, तापलेल्या लोखंडावर गार पाणी म्हणजे तडा. मग ती चावी. हात थरथरत होता. एकदम उघडली नाही, पाव फेरी, मग अर्धी, मग थांबलो. नळीत कुरकुर झाली. वरच्या टोकाला हात लावला, गार. पुन्हा लावला, गार. तिसऱ्यांदा चटका बसला.

सर, मित्रहो, तेव्हा मला आपला आठवीचा वर्ग आठवला असं म्हटलं तर खोटं होईल. तेव्हा काही आठवलं नाही, मी फक्त काट्याकडे बघत होतो. वीस मिनिटांनी काटा दोनशेवर आला. तासाभरानं एकशेऐंशीवर. व्हॉल्व्हचं टपकणं थांबलं. मी लाकडाच्या ओंडक्यावर बसलो, आणि मग आठवलं.

आपल्या विज्ञानाच्या सरांनी चंचुपात्रात पाणी घेऊन तळाशी पोटॅशिअम परमँगनेटचा खडा टाकला होता. खालून दिवा लावला. जांभळी रेघ वर चढली, वरून वळली आणि कडेनं खाली आली. सरांनी मला विचारलं, "पाणी वर का गेलं?" मी म्हटलं, "गरम झालं म्हणून." सर म्हणाले, "गरम झाल्यावर काय झालं ते सांग." मला सांगता आलं नाही. तास संपेपर्यंत उभा होतो. सर आज समोर बसले आहेत, म्हणून पंचेचाळीस वर्षांहून उशिरा उत्तर देतो. सर, गरम झाल्यावर पाणी फुगतं, म्हणून तेवढ्याच जागेत हलकं होतं. शेजारचं गार पाणी जड असतं, ते खाली बसतं आणि हलक्याला वर ढकलतं. याला अभिसरण म्हणतात. याला पंप लागत नाही, वीज लागत नाही. वाट तेवढी मोकळी लागते.

त्या रात्री वर गेलो आणि मुलीला सगळं सांगितलं. चावी मी बंद केली होती, हेही सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आप्पा, विचारायचं होतंत." एवढंच. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी जावयांनी बॉयलरचं जुनं माहितीपत्रक शोधून काढलं. त्यात ती नळी काढून दाखवली होती आणि ती कधीही बंद करू नये असं ठळक लिहिलं होतं. आठवडाभरात तिथला माहीत असलेला माणूस बोलावला. त्यानं सेफ्टी व्हॉल्व्ह नवीन बसवला आणि ती नळी कोमट का राहत होती तेही शोधलं. तिच्यावरची विजेची आपोआप उघडणारी चावी किंचित गळत होती. म्हणजे दोष त्या चावीत होता, वाटेत नव्हता. मी दोष सोडला आणि वाट बंद केली. हाताच्या चावीचं चाक मी काढून ठेवलं आणि तिथे एक पाटी बांधली. वर इंग्रजीत, खाली मराठीत: 'ही उघडीच ठेवायची.' मराठी माझ्यासाठी.

हे सगळं इथे सांगायचं कारण आहे. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या गच्चीवर आता सोलर बंब आहे. तोही याच तत्त्वावर, पंपाशिवाय चालतो. त्याच्या टाकीवरून एक बारीक नळी उघडी वर गेलेली असते. त्यातून वाफ येते, कधी पाणी टपकतं, म्हणून काही लोक तिला बूच मारतात. मी गेल्या वर्षभरात आपल्या गावात अशा चार नळ्या स्वतः मोकळ्या केल्या. न्हाणीघरातल्या गिझरला एक सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, तो गळतो म्हणून बंद करून टाकतात. तो गळत असेल तर बदला, बंद करू नका. आपला जुना तांब्याचा बंब कधी फुटला नाही, कारण त्याचं नरसाळं कायम उघडं होतं. आता बंब बंद झाले, म्हणून ही काळजी आपल्यावर आली. घरी गेल्यावर वर चढून एकदा बघा. स्वतः चढवत नसेल तर मला फोन करा, मी येतो. चहा पाजा, पैसे नकोत.

आणि संयोजकांनी प्रयोगशाळेसाठी वर्गणी काढली आहे, त्यात माझ्या वाट्याचे पैसे दिलेच आहेत. शिवाय एक वस्तू देतो. काचेच्या नळीचा चौकोनी फेरा करून घेतला आहे, एका बाजूला खालून दिवा लावायचा, वरून रंग टाकायचा. रंग फिरताना दिसतो. मधे एक छोटी चावीही आहे. ती बंद केली की रंग थांबतो. सरांनी मुलांना तो प्रयोग एकदा स्वतः दाखवावा, आणि कुणाला उत्तर आलं नाही तर त्याला जरूर उभं करावं.